चिंतेची मराठी प्रश्नावली तपासायची कशी: जीएडी-७ हातात घेऊन

मानसशास्त्राच्या प्रबंधांत एक वाक्य वारंवार भेटते: ‘आल्फा ०.८७ आला, म्हणून प्रश्नावली विश्वसनीय व सप्रमाण आहे.’ यातला ‘विश्वसनीय’ शब्द एका मर्यादेपर्यंत खरा आहे. ‘सप्रमाण’ला मात्र त्या आकड्याचा काहीही आधार नाही. सात प्रश्न एकाच सुरात बोलतात एवढेच आल्फा सांगतो. ते चिंतेबद्दल बोलतात की थकव्याबद्दल, हे त्याला कळत नाही. ‘अंगात त्राण वाटत नाही का’, ‘थोडं काम केलं तरी दमायला होतं का’ असे सात प्रश्न एकत्र बांधले तरी आल्फा भरघोस येईल, पण चिंतेचा रुग्ण त्यातून सापडणार नाही.

चाळणी प्रश्नावलीला विचारायचा मुख्य प्रश्न असा: या ठिकाणी, या लोकांत, या कटऑफला (म्हणजे ज्या गुणांपासून ‘पुढे तपासा’ म्हणायचे त्या मर्यादेला), ज्यांना खरोखर चिंताविकार आहे त्यांतले किती जण पकडले जातात आणि नसलेले किती जण उगाच अडकतात? बाकीच्या सगळ्या तपासण्या या प्रश्नापर्यंत नीट पोचण्यासाठी असतात. म्हणून इथे उदाहरण म्हणून जगभर वापरली जाणारी सात प्रश्नांची चिंतेची प्रश्नावली जीएडी-७ घेतली आहे आणि तिची मराठी आवृत्ती प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत वापरायची आहे असे धरले आहे.

जीएडी-७ रॉबर्ट स्पिट्झर, कर्ट क्रोन्के, जॅनेट विल्यम्स आणि बर्न्ड लोव यांनी २००६ साली प्रसिद्ध केली. अमेरिकेतल्या १५ प्राथमिक दवाखान्यांतले २,७४० रुग्ण त्या अभ्यासात होते. सुरुवातीला १३ प्रश्न होते, त्यांतले ७ ठेवले. गेल्या दोन आठवड्यांत त्रास किती दिवस झाला यावर प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण ० ते २१. ५, १० आणि १५ या गुणांपासून अनुक्रमे सौम्य, मध्यम आणि तीव्र असे टप्पे. आल्फा ०.९२, पुनर्चाचणीचा (त्याच लोकांना पुन्हा विचारल्यावर उत्तरे किती जुळतात याचा) अंतर्वर्गीय सहसंबंध ०.८३. त्यांतल्या ९६५ जणांची मानसोपचार क्षेत्रातल्या व्यक्तीने आठवड्याभरात फोनवर मुलाखत घेतली आणि सर्वसाधारण चिंताविकारासाठी (जीएडी) १० या कटऑफला संवेदनशीलता (विकार असलेल्यांतले किती पकडले) ८९ टक्के, विशिष्टता (नसलेल्यांतले किती बरोबर सुटले) ८२ टक्के मिळाली. हे सगळे आकडे तिथल्या इंग्रजी प्रश्नावलीचे आहेत. मराठी फॉर्मवर ते उसने घेता येत नाहीत, ते पुन्हा काढावे लागतात.

शब्दांची तपासणी आकड्यांच्या आधी

वापरायला किंवा भाषांतराला या प्रश्नावलीची परवानगी लागत नाही. तरी आधीचे मराठी भाषांतर मिळते का ते अवश्य पाहा. मिळाले तर नवे करण्यापेक्षा तेच तपासायला घेणे बरे. एकाच प्रश्नावलीची पाच मराठी रूपे फिरू लागली की कोणाचेच निकाल कोणाशी ताडता येत नाहीत.

नवे करायचेच असेल तर रूढ पद्धत अशी: मराठी मातृभाषा असलेल्या दोघांनी स्वतंत्रपणे मराठीत आणायचे, त्यांतला एक मानसिक आरोग्यातला आणि एक त्या विषयाशी संबंध नसलेला. दोन्हींवरून एक मसुदा. मग मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या दोघांनी तो मसुदा परत इंग्रजीत न्यायचा. शेवटी सगळ्यांनी बसून एकेक शब्दावर निर्णय घ्यायचा आणि तो का घेतला हे लिहून ठेवायचे.

उलट भाषांतर जुळले म्हणजे काम झाले असे मात्र समजू नका. सर्वांत महाग पडणारी चूक नेमकी तिथे लपते. मूळ फॉर्मवर उत्तरांच्या चार पायऱ्या आहेत. दुसऱ्या पायरीसाठी कोणी ‘बरेच दिवस’ लिहिले, तर उलट भाषांतर करणारा ते बिनचूक मूळ शब्दांवर आणून ठेवतो आणि कागदावर सगळे छान दिसते. पण मराठी कानाला ‘बरेच दिवस’ हे ‘निम्म्याहून जास्त दिवसां’पेक्षा जास्त वाटते. मग १ गुणाची पायरी २ गुणांच्या वर चढते आणि ज्याला रोजचा त्रास आहे तो बिचारा १ वर खूण करतो. ‘अजिबात नाही’, ‘काही दिवस’, ‘निम्म्याहून जास्त दिवस’, ‘जवळजवळ रोज’ अशी चढण ठेवली तर हा घोळ टळतो. तपासायचे सोपे आहे: चार चिठ्ठ्यांवर चार पर्याय लिहा आणि दहा-पंधरा जणांना कमीपासून जास्तपर्यंत लावायला सांगा. त्यांतल्या दोघांनी जरी क्रम चुकवला तरी शब्द बदला.

‘काळजी’ हा शब्द असाच जपून वापरावा. मराठीत काळजी करतात आणि काळजी घेतातही, आणि घेणे ही मायेची गोष्ट आहे. ‘तुम्ही वेगवेगळ्या गोष्टींची फार काळजी करता का?’ असे एखाद्या आईला विचारले तर ‘करायलाच हवी, मुलं लहान आहेत’ असे उत्तर येते. ते लक्षणाचे उत्तर नसते, कर्तव्याचे असते. दुसऱ्या प्रश्नातला गाभा चिंता थांबवता न येण्याचा आहे. ‘एकदा काळजी सुरू झाली की ती थांबवता येत नाही, मनातून काढता येत नाही, असं झालं का?’ असे विचारले की रोख बदलतो. चौथ्या प्रश्नात निवांत होता येत नाही का असे विचारले की शेतावर आणि घरात राबणाऱ्या बाया ‘निवांत बसायला वेळ कुठंय’ म्हणतात. तिथे ‘वेळ असूनही मन निवांत होत नाही’ हे स्पष्ट यायला हवे. पाचव्यात ‘एका जागी बसवत नाही’ हे कामसूपणाचे कौतुक म्हणून ऐकले जाऊ शकते, त्यामुळे त्याआधी ‘जीव इतका बेचैन होतो की’ हे हवे.

व्याकरणातही एक अडचण आहे. ‘मी घाबरलो/घाबरले’ अशी तिरकी रेघ फॉर्मभर आली की वाचणारा अडखळतो. ‘मला भीती वाटली’, ‘मन अस्वस्थ झालं’ अशा रचनेत लिंगाचा प्रश्नच येत नाही. नकारावर नकारही टाळा. ‘शांत वाटत नाही असं झालं नाही का’ याला ‘हो’ म्हणणाऱ्याच्या मनात नक्की काय आहे, हे कोणीच सांगू शकत नाही.

मसुदा तयार झाला की ८ ते १० जणांना एकेकट्याने बसवून प्रश्न वाचून दाखवा. उत्तर घेतल्यावर विचारा: ‘हा प्रश्न तुमच्या शब्दांत सांगा’, ‘“काही दिवस” म्हणताना तुमच्या मनात किती दिवस होते?’, ‘दोन आठवडे कुठून मोजले?’ यांत कमी शिकलेले, वयस्कर, वेगवेगळ्या बोलींचे लोक मुद्दाम घ्या. प्रमाण मराठीतले ‘अस्वस्थ’ काहींना तब्येत बिघडल्यासारखे ऐकू येते. धाकधूक, हुरहुर, जीव खाली-वर होणे, कासावीस होणे यांतले कोणते शब्द लोक स्वतःहून वापरतात ते टिपा. दुरुस्ती करून पुन्हा तेवढ्याच नव्या लोकांपुढे ठेवा. नवी अडचण येणे थांबेपर्यंत फेऱ्या चालू ठेवायच्या. बहुतेकदा दोन-तीन फेऱ्या लागतात. मग ३० ते ४० जणांवर रंगीत तालीम.

आशय तपासणाऱ्या तज्ज्ञांचा भाग त्यामानाने छोटा. सहा ते दहा जण, प्रश्न चिंतेशी किती संबंधित यावर प्रत्येक प्रश्नाला १ ते ४ गुण, ३ किंवा ४ देणाऱ्यांचे प्रमाण म्हणजे त्या प्रश्नाचा आशय निर्देशांक. सहा किंवा जास्त तज्ज्ञ असतील तर तो ०.७८ च्या खाली नको. पाच किंवा कमी असतील तर सगळ्यांचे एकमत लागते. भाषांतरित प्रश्नावलीत तज्ज्ञांना आवडला नाही म्हणून प्रश्न गाळू नका. सातातला एक गेला की ती जीएडी-७ राहत नाही आणि १० चा कटऑफही तिचा राहत नाही.

किती माणसे लागतील

तीन वेगवेगळ्या तपासण्यांना तीन वेगवेगळे आकडे लागतात. रचनेच्या विश्लेषणासाठी (सातही प्रश्न एकच गोष्ट मोजतात का हे पाहायला) ७ प्रश्नांना २०० ते ३०० जण पुरतात. पुनर्चाचणीला किमान ५०, शक्य तर १००. खरा खर्च निदानाच्या मुलाखतींचा, आणि तिथला हिशेब आधी मांडावा लागतो.

संवेदनशीलता फक्त आजार असलेल्या लोकांवरून निघते. म्हणून आधी त्यांची संख्या काढा: १.९६ चा वर्ग, गुणिले अपेक्षित संवेदनशीलता, गुणिले (१ वजा तीच), भागिले चालेल तेवढ्या चुकीचा वर्ग. संवेदनशीलता ०.८९ धरली आणि वर-खाली ०.१० चूक चालणार असेल तर ०.३७६ ÷ ०.०१, म्हणजे ३८ रुग्ण. चूक ०.०७ हवी असेल तर ७७. ओपीडीत दर दहांत एकाला हा विकार आहे असे धरले तर ३८ रुग्णांसाठी ३८० मुलाखती आणि ७७ साठी ७७०. प्रमाण आणखी कमी असेल तर मुलाखती त्याच पटीत वाढतात. ‘नमुना १००’ असे ठरवून निघालेल्या अभ्यासात रुग्ण जेमतेम दहा सापडतात. त्यांतला एक इकडचा तिकडे झाला की संवेदनशीलता दहा टक्क्यांनी हलते.

रुग्ण वाढवण्यासाठी काही जण मनोविकार ओपीडीतले ठळक रुग्ण आणि कॉलेजातले निरोगी विद्यार्थी एकत्र करतात. आकडे सुरेख येतात आणि फसवे असतात. दोन टोकांची माणसे वेगळी ओळखणे सोपे आहे. प्राथमिक केंद्रात येणारी बहुतेक माणसे मधल्या पट्ट्यातली असतात. नमुना तिथलाच, ओळीने येणाऱ्या रुग्णांचा घ्या.

मैदानात काय बिघडते

संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि मराठीतले संमतीपत्र हे पहिले. त्याच दिवशी आणखी एक व्यवस्था हवी: ज्यांचे गुण जास्त येतील त्यांना कोण भेटणार, कधी, कुठे. जीएडी-७ मध्ये आत्महत्येच्या विचारांबद्दल प्रश्न नाही, पण तुलनेसाठी बहुतेक जण सोबत पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली देतात आणि तिचा नववा प्रश्न तोच आहे. तो फॉर्म गठ्ठ्यात जाऊन महिन्याने संगणकावर चढणार असेल तर तो प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार नाही. नवव्या प्रश्नाचे उत्तर त्या माणसाने जागा सोडण्यापूर्वी पाहिले गेलेच पाहिजे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येकाच्या हातातल्या कागदावर असावा.

फॉर्म स्वतः वाचून भरणे आणि आशाताईने किंवा सहायकाने वाचून दाखवणे या दोन वेगळ्या पद्धती आहेत. कोणाचा फॉर्म कसा भरला, याचा रकाना ठेवा. वाचून दाखवताना ठरलेला मजकूर शब्दशः वाचायचा. नेहमी घडणारा प्रसंग असा:

‘गेल्या दोन आठवड्यांत, काहीतरी भयंकर घडेल अशी भीती किती दिवस वाटली?’
‘होतं की अधूनमधून.’

इथे सहायक स्वतःच १ वर खूण करून पुढे जातो. तसे करायचे नाही. चारही पर्याय पुन्हा वाचायचे आणि ‘यांतलं कोणतं लिहू, मावशी?’ असे विचारायचे. निवड त्यांची. दोन आठवड्यांची हद्दही दाखवून द्यावी लागते: ‘आज बुधवार, म्हणजे मागच्याच्या मागच्या बुधवारपासून आजपर्यंत.’ गावात दोन आठवडी बाजारांची खूण सांगितली की चटकन समजते. मूळ फॉर्मवर पर्यायांना दिवसांचे आकडे दिलेले नाहीत. सहायकांना ते द्यायचे ठरवले तर सगळ्यांना एकच द्या आणि अहवालात तसे नोंदवा.

सून उत्तर देताना सासू शेजारी असेल किंवा मुलाच्या शेजारी वडील, तर ते उत्तर घरच्यांसमोरचे असते. खोली वेगळी नसेल तर निदान पर्यायांचे कार्ड हातात द्या आणि बोट ठेवायला सांगा. मोजपट्टी म्हणून हे छोटे कार्ड फार उपयोगी पडते.

संगणकावर नोंद दोघांनी स्वतंत्रपणे करून ताडा. सुटलेल्या उत्तरांसाठी नियम आधीच लिहून ठेवा, उदाहरणार्थ एकच प्रश्न सुटला असेल तर बाकी सहांच्या सरासरीने भरायचा, दोन सुटले तर फॉर्म बाद. एकाच प्रश्नाला खूप जण रिकामे सोडत असतील तर दोष लोकांत शोधू नका, प्रश्नाचे शब्द पाहा.

विश्वसनीयता

सुरुवात प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरांच्या वाटणीपासून करा. कोणत्या प्रश्नाला किती ०, १, २, ३ आले हे नुसते पाहिले तरी निम्मे बिघाड दिसतात. २ ची पायरी जवळजवळ रिकामी असेल तर पर्यायांचे शब्द पुन्हा तपासा. एकूण गुणांत १५ टक्क्यांहून जास्त लोक ० वर असतील तर त्याला तळाला साचणे म्हणतात. सामान्य वस्तीत चिंतेच्या प्रश्नावलीचे असे होणे स्वाभाविक आहे, पण नोंदवायला हवे.

आल्फाचा हिशेब हाताने एकदा करून पाहावा. सात प्रश्नांच्या प्रचरणांची (गुण किती पसरलेत याच्या मापांची) बेरीज ६.३ आणि एकूण गुणांचे प्रचरण २५ असेल तर (७ ÷ ६) × (१ − ६.३ ÷ २५) = ०.८७. यावरून दिसते की प्रश्न वाढवले की आल्फा आपोआप चढतो, आणि नमुन्यात अगदी आजारी व अगदी बरे लोक एकत्र केले की एकूण प्रचरण फुगून तो पुन्हा चढतो. ०.७० ते ०.९५ च्या दरम्यान असेल तर ठीक. त्यावर गेला तर दोन प्रश्न एकच गोष्ट दोनदा विचारत असावेत. मराठीत दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे भाषांतर अगदी सारखे झाले की असे होते. प्रत्येक प्रश्नाचा उरलेल्या सहांच्या बेरजेशी सहसंबंध काढा. तो ०.३० च्या खाली असेल तर त्या प्रश्नाच्या मुलाखतींच्या नोंदी पुन्हा उघडा. उत्तरे चारच पायऱ्यांची असल्याने आल्फासोबत ओमेगा हा विश्वसनीयतेचा दुसरा निर्देशांकही द्यावा.

पुनर्चाचणीसाठी अंतर किती, यावर नीट विचार करा. प्रश्न गेल्या दोन आठवड्यांबद्दल आहेत. तीन दिवसांनी पुन्हा विचारले तर कालावधी जवळजवळ तोच आणि आधीची उत्तरेही आठवतात. महिन्याने विचारले तर माणसाची अवस्थाच बदललेली असते. एक ते दोन आठवडे हा व्यवहार्य मध्य आहे. पद्धत, जागा, विचारणारी व्यक्ती शक्यतो तीच ठेवा. दुसऱ्या वेळी ‘मागच्या वेळेपेक्षा त्रासात फरक आहे का’ हा एक जादा प्रश्न घाला आणि ‘खूप फरक’ म्हणणाऱ्यांना वगळायचे की नाही ते आधीच ठरवा. मधल्या काळात औषध किंवा समुपदेशन सुरू झालेले लोक यात नकोत.

इथे पिअरसनचा सहसंबंध देऊ नका. सगळ्यांचे गुण बरोबर ३ ने उतरले तरी पिअरसन १ च राहतो. आयसीसी (अंतर्वर्गीय सहसंबंध) वापरा आणि त्याचा प्रकार लिहा: द्विमार्गी, निखळ जुळणीचा, एकाच मोजणीसाठी. ०.७५ च्या वर असेल तर चांगला. सोबत दोन वेळच्या गुणांतला फरक दाखवणारा ब्लँड-आल्टमन आलेख काढा. दुसऱ्या वेळी सगळ्यांचे गुण थोडे उतरणे नेहमीचे आहे आणि ते या आलेखात लगेच दिसते.

आयसीसीवर थांबणे म्हणजे दवाखान्यातल्या माणसाला अर्धीच माहिती देणे. त्याला हवे ते असे निघते: गुणांचे प्रमाण विचलन ४.८ आणि आयसीसी ०.८३ असेल तर मापनाची प्रमाण चूक ४.८ × √०.१७, म्हणजे सुमारे २. एकाच व्यक्तीत खरा बदल म्हणायला १.९६ × √२ × २, म्हणजे साधारण ५.५ गुणांचा फरक लागतो. रुग्णाचे गुण १२ वरून ९ वर आले म्हणून औषध लागू पडले असे या आकड्यांवरून म्हणता येणार नाही.

रचना आणि इतर मापनांशी नाते

सातही प्रश्न एकाच घटकावर बसतात, म्हणजे त्यांच्यामागे एकच गोष्ट आहे, हे मूळ गृहीत आहे, म्हणून पुष्टीकारक घटक विश्लेषण करा. मोफत ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणकप्रणालीतले ‘लाव्हान’ किंवा त्याहून सोपे ‘जामोवी’ पुरे. ‘लाव्हान’मध्ये उत्तरे क्रमवार आहेत असे सांगायला विसरू नका. सीएफआय ०.९५ च्या आसपास किंवा वर, एसआरएमआर ०.०८ च्या खाली, आरएमएसईए ०.०६ च्या जवळ, हे प्रतिमान माहितीशी किती जुळते ते सांगणारे रूढ निकष. सात प्रश्नांच्या एकघटकी प्रतिमानाला स्वातंत्र्याचे अंश फक्त १४ असतात आणि इतक्या लहान प्रतिमानात आरएमएसईए विनाकारण चढा येऊ शकतो. तेवढ्यावरून प्रश्नावली फेटाळू नका. ४, ५ आणि ६ या प्रश्नांत (निवांत न होणे, बेचैनी, चिडचिड) जादा नाते दिसणे हे इतर भाषांतही आढळले आहे. ते प्रतिमानात मोकळे करायचे तर कारण लिहून करा. आकडे सुंदर दिसेपर्यंत एकेक धागा जोडत बसणे गैर.

मग गट वेगळे करून पाहा: स्त्री-पुरुष, स्वतः वाचणारे आणि वाचून दाखवलेले, शहर-गाव. एकूण चिंता सारखी असूनही एखाद्या प्रश्नाला एक गट वेगळे उत्तर देतो का, हे कळले पाहिजे. दोन्ही गटांत प्रश्न सारखेच वागतात अशी बंधने प्रतिमानावर घालत जाताना सीएफआय ०.०१ पेक्षा जास्त घसरला तर कुठल्या प्रश्नामुळे, ते शोधा.

इतर प्रश्नावल्यांशी किती नाते अपेक्षित आहे ते माहिती गोळा करण्याआधी आकड्यांत लिहून ठेवा. मूळ अभ्यासात बेकच्या चिंता प्रश्नावलीशी ०.७२ होते, पण नैराश्याच्या गुणांशीही ०.७५ होते. चिंता आणि नैराश्य हातात हात घालून येतात, त्यामुळे पीएचक्यू-९ शी नाते कमी येईल असे गृहीतक मांडले तर ते कोसळणारच. वेगळेपणा दाखवायला घटक विश्लेषणात दोन्ही प्रश्नावल्या एकत्र घालून दोन घटक एकापेक्षा बरे बसतात का ते पाहा. बेकच्या २१ प्रश्नांत धडधड, थरथर, घाम अशी शारीरिक लक्षणे बरीच आहेत. थायरॉइडचे संप्रेरक वाढलेल्या रुग्णांत ती चिंतेशिवायही असतात, हे तुलना करताना ध्यानात ठेवा.

निदानाशी सामना

आता मुख्य परीक्षा. जीएडी-७ भरल्यापासून आठवड्याच्या आत प्रशिक्षित मनोविकारतज्ज्ञाने किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाने संरचित मुलाखत घ्यायची, उदाहरणार्थ एमआयएनआय किंवा एससीआयडी. मुलाखत घेणाऱ्याला गुण माहीत नसावेत. फॉर्म बंद पाकिटात, दुसऱ्याच माणसाकडे. गुण १७ आहेत हे कळले की मुलाखतीचे कान बदलतात. दोन मुलाखतकार असतील तर २०-३० मुलाखती दोघांनी मिळून ऐकून स्वतंत्र निदान करावे आणि ‘कप्पा’ हा दोघांच्या निदानांची जुळणी सांगणारा आकडा काढावा. मुलाखतच डळमळीत असेल तर तिच्यावर प्रश्नावली घासून काय हाती लागणार?

खर्च वाचवायला सगळे जास्त गुणवाले आणि थोडेच कमी गुणवाले मुलाखतीला बोलावतात. हे चालते, पण हिशेब करताना वजन द्यावे लागते. समजा ६०० जणांत १२० जणांचे गुण १० किंवा वर आले आणि ४८० जणांचे खाली. १२० पैकी सगळ्यांच्या मुलाखती झाल्या, ४५ रुग्ण निघाले. ४८० पैकी चिठ्ठ्या टाकून ९६ जणांना बोलावले, ३ रुग्ण निघाले. सरळ भागाकार केला तर संवेदनशीलता ४५ ÷ ४८ = ९४ टक्के. पण ९६ म्हणजे पाचातला एक, म्हणून खाली राहिलेले रुग्ण ३ नव्हे, सुमारे १५ आहेत. खरी संवेदनशीलता ४५ ÷ ६० = ७५ टक्के. विशिष्टता उलट चुकते: सरळ हिशेबाने ५५ टक्के, वजन देऊन ८६. छापील अभ्यासांतही ही चूक राहून जाते आणि निसटलेले रुग्ण कोणाच्या लक्षातच येत नाहीत.

कटऑफ ठरवताना आरओसी आलेखाखालचे (सगळ्या कटऑफांची संवेदनशीलता व विशिष्टता एकत्र दाखवणाऱ्या आलेखाखालचे) क्षेत्रफळ द्या, आणि ७ पासून १२ पर्यंत प्रत्येक गुणाला संवेदनशीलता व विशिष्टता विश्वासमर्यादांसह तक्त्यात मांडा. यूडेनचा निर्देशांक (संवेदनशीलता अधिक विशिष्टता वजा १) दोन्ही चुका सारख्याच वाईट धरतो. प्राथमिक केंद्रात तसे नसते. पुढे तपासायला माणूस उपलब्ध असेल तर रुग्ण निसटणे जास्त वाईट आणि कटऑफ खाली आणावा. जिल्ह्यात मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून एकदाच येत असतील तर खोट्या इशाऱ्यांची रांग खऱ्या रुग्णाची जागा खाते. त्याच नमुन्यातून निवडलेला कटऑफ त्याच नमुन्यात नेहमी जास्त चांगला दिसतो, म्हणून बूटस्ट्रॅप करा (त्याच नमुन्यातून पुन्हा पुन्हा चिठ्ठ्या काढून तपासा) किंवा दुसऱ्या केंद्रावर पडताळा.

शेवटी, तोच कटऑफ वेगळ्या ठिकाणी काय करतो ते दाखवा. मूळ अभ्यासात ९६५ पैकी ७३ जणांना सर्वसाधारण चिंताविकार होता. ८९ आणि ८२ टक्क्यांनी हिशेब केला तर साधारण ६५ खरे आणि १६० खोटे इशारे, म्हणजे १० किंवा जास्त गुण आलेल्या दर शंभरांत सुमारे २९ रुग्ण. विकाराचे प्रमाण ३ टक्के असलेल्या वस्तीत हेच शंभरांत १३ होतात. ४० टक्के असलेल्या मनोविकार ओपीडीत ७७. मराठी आवृत्तीच्या फॉर्ममागे आपल्या केंद्रासाठीचा हा आकडा छापा: ‘दहा किंवा जास्त गुण म्हणजे निदान नव्हे, पुढची मुलाखत घ्या. इथे अशा दर शंभर जणांत सुमारे इतक्यांना चिंताविकार आढळला.’ शेजारी कोणत्या वयाच्या, कुठल्या ठिकाणच्या किती लोकांवर आणि कोणत्या वर्षी तपासले तेही लिहा.